एकादशीला शुगरची गोळी घ्यायची का?

नमस्कार मंडळी. आषाढी एकादशी तोंडावर आलीय, म्हणून आज शुगरवाल्यांशी जरा बोलायचंय, आणि त्यांच्या घरच्यांशीपण, कारण गोळ्यांचा डबा बऱ्याच घरात बायको नाहीतर सूनच भरते.

आमच्या ओपीडीत माणूस येतो तो आकडे सांगतच, उपाशीपोटी 148, जेवणानंतर 210, सगळं तोंडपाठ. मग मी विचारते काका गोळी कुठली चालू आहे, तर म्हणतात "ती पांढरी, छोटी". आता पांढऱ्या छोट्या गोळ्या मेडिकलमध्ये ढिगाने आहेत! आणि उपासाला ती घेता का म्हटलं की कुणी म्हणतं घेतो, कुणी म्हणतं पोटात काही नसताना कशाला, पण का घेतो नि का घेत नाही ते कुणालाच सांगता येत नाही.

खरी गोची इथेच आहे. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ती सहसा शुगर फार खाली पाडत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात का नाही ते त्यांना काय कळणार. आणि बऱ्याचदा एकाच गोळीत ही दोन्ही औषधं असतात, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचतो कोण.

सकाळी गोळी, दिवसभर पाणी आणि एखादं केळं, मग चारच्या सुमाराला हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस उगाच चिडचिड करायला लागतो, आणि घरचे म्हणतात उपास लागला, पडा जरा. अहो पडू नका देऊ, शुगर खाली गेलेली असू शकते! शुगर मोजायचं मशीन असेल तर बघा, 70 च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी परत चेक करा. मशीन नसेल तर शोधत बसू नका, साखर द्या आधी. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना गाठा. उपास मोडला म्हणून विठोबा काही रागवत नाही.

याच्या उलटे म्हणजे दुप्पट खाशीवाले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर वऱ्याचे तांदूळ, आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचं "काल तर उपास होता, शुगर वाढली कशी?"

तेव्हा एकादशीच्या आधीच डॉक्टरांना पाकीट दाखवून विचारा, त्या दिवशी डोस कमी करायचा का, वेळ बदलायची का. मनाने बंद करू नका. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी सोडणारेपण खूप आहेत, अरे बाबांनो, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय ना! आणि टेस्टच्या आधी दोन दिवस गोड बंद करून फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, छान येईल, पण एचबीएवनसी नावाची रक्ताची टेस्ट फसत नाही, ती साधारण तीन महिन्यांचा हिशोब दाखवते.

इन्सुलिनवाल्यांना एक सांगते, हे फार जणांना माहीत नसतं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बऱ्याचदा 40 युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीत 40, आणि इन्सुलिनच्या पेनात बसते त्या छोट्या नळीतलं, म्हणजे कार्ट्रिजमधलं, सहसा 100 चं. सिरिंजपण वेगळी, 40 ची लाल टोपीची, 100 ची केशरी. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं लाल टोपीच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत, म्हणजे अर्धा मिली, ओढलं, तर अंगात 20 नाही, 50 युनिट जातात. त्यामुळे मेडिकलवाल्याने सिरिंज दिली की टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा दुकानातच ताडून बघा, घरी येऊन नाही.