घाईचं बिल कोण भरतं?

नमस्कार श्रोतेहो.

"ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग?"

साठी ओलांडलेल्या श्रोत्यांच्या कानात हा प्रश्न अजून असेल. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, बुक करायला एक्स्चेंजला फोन लावला की ऑपरेटर विचारायची. मी त्या विचारणाऱ्यांपैकी एक. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड आणि शेजारी तिकिटांची चळत. कुठून, कुठे, कोणाला, आणि कॉल कुठल्या दर्जाचा, हे सगळं तिकिटावर टिपायचं. ऑर्डिनरी म्हणजे लाइन मोकळी होईल तेव्हा, मग दोन तास लागोत नाहीतर सहा. अर्जंट सांगितलं तर नंबर आधी लागणार, पण पैसे दुप्पट. लाइटनिंग सगळ्यांच्या पुढे, आणि त्याचा दर ऐकूनच माणूस गार व्हायचा. पेढीवाले, वर्तमानपत्रवाले सोडले तर घरगुती माणूस लाइटनिंगच्या वाटेला सहसा जात नसे.

मला त्या नोकरीतली एक गोष्ट फार स्पष्ट आठवते. मी प्रश्न विचारला की पलीकडचा माणूस क्षणभर गप्प व्हायचा. मनात हिशेब चालायचा. सुनेला मुलगा झाला, ही बातमी मोठी खरी, पण संध्याकाळपर्यंत पोचली तरी चालेल, म्हणजे ऑर्डिनरी. वडिलांना दवाखान्यात हलवलंय, अर्जंट. आपलं काम खरंच किती निकडीचं आहे, हे बोलणाऱ्याला बोलायच्या आधी ठरवावं लागायचं, कारण पैसे त्याच्या खिशातून जाणार असायचे. तारेचंही तेच. शब्दागणिक पैसे, आणि एक्स्प्रेस तार हवी तर आणखी जास्त.

आता तो प्रश्न कोणी विचारत नाही. घाई फुकट झाली आहे. निदान पाठवणाऱ्याला तरी. आज मला याबद्दलच बोलायचंय.

एक सांगून ठेवते. त्या दिवसांचे गोडवे मी गाणार नाही. गावी आई गेल्याचा निरोप अंत्यविधी उरकल्यावर मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे हुंदके या कानांनी ऐकलेत. घरी फोन हवा म्हणून अर्ज करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे. तोवर लग्नपत्रिकेवर, लेटरहेडवर शेजाऱ्यांचा नंबर छापायचा आणि पुढे कंसात 'पी. पी.'. ठाण्यात चरईत आमच्या चाळीत एकाच घरी फोन होता, आणि त्या घरच्या काकू कोणाला बोलवायचं आणि कोणाला "ते झोपलेत, आठनंतर करा" सांगायचं, हे स्वतःच ठरवायच्या. तेव्हा आम्हाला त्यांचा राग यायचा. हल्ली मात्र त्यांची फार आठवण येते.

मोबाइल आला तेव्हा पैशाची भीती होतीच. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पैसे पडायचे, आणि गंमत म्हणजे ज्याला फोन आला त्यालाही पैसे भरावे लागायचे. त्यामुळे कोणाच्या मोबाइलवर फोन करायचा तर आधीच ओशाळल्यासारखं व्हायचं. "तुझं बिल वाढतंय, ठेवते गं," असं म्हणत माणसं बोलायची. त्यातूनच आपण मिस्ड कॉल शोधला. एकदा वाजला म्हणजे ठाण्याला उतरलो, दोनदा वाजला म्हणजे रिक्षा मिळत नाहीये, कोणालातरी पाठवा. एक पैसा न देता निरोप पोचायचा आणि उत्तराची अपेक्षाही नसायची.

२००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की मेसेज पाठवताना पैशाचा विचार मनात येईनासा झाला. चिपळूणची माझी बहीण आता रोज व्हिडिओवर दिसते, तिच्या परसातला फणस मला ठाण्यात बसून मोजता येतो. हे सुख मला सोडायचं नाही. पण पाठवणाऱ्याचा खर्च शून्यावर आल्यावर निरोप घेणाऱ्याचा खर्च शून्य झाला का? तो तर वाढतच गेला, फक्त रुपयांत मोजेनासा झाला.

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या. त्याआधी निरोप पोचला एवढंच कळायचं. आता वाचलाय हे कळायला लागलं, आणि वाचून उत्तर दिलं नाही तर तो अपमान ठरायला लागला. नणंद-भावजयीत या खुणांवरून अबोला धरलेला मी पाहिलाय. ती खूण सेटिंगमध्ये बंद करता येते. मी बंद केली, तर एक मैत्रीण म्हणाली, "काय लपवतेस गं?" आता तुम्हीच बघा, मी इथे माइकसमोर बोलतेय, तुम्ही ऐकताय की भाजी निवडताय की मधेच उठून दूध बघायला गेलात, मला काही कळत नाही. रेडिओवर निळी खूण नाही. मला त्याचा त्रास होत नाही, तुम्हालाही होत नसावा.

माझी भाची ऐरोलीला आयटी पार्कमध्ये नोकरी करते. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बरची गाडी सुटते ना, तिथे संध्याकाळी उभे राहून बघा. ऐरोली, रबाळे, घणसोलीहून परतणाऱ्या मुलांचं शरीर ठाण्याला उतरतं, पण कानात मीटिंग चालूच असते. एकदा मी तिला ट्रंक कॉलची ती तीन नावं सांगितली, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "मावशी, आमच्याकडेही हेच आहे. पी-वन, पी-टू, पी-थ्री." म्हणजे सिस्टिम बंद पडली, क्लायंटचं काम थांबलं, तर पी-वन, रात्री दोनलाही उठायचं. बटणाचा रंग चुकला तर पी-थ्री किंवा त्याखाली, सावकाश बघा. रात्री कोणी उठायचं त्याचीही पाळी ठरलेली, त्याला ऑन-कॉल म्हणतात. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, कुठेतरी तो प्रश्न शिल्लक आहे. त्यावर ती म्हणाली, "आहे ना, पण फक्त तक्रारी नोंदवायच्या तिकिटाच्या सिस्टिममध्ये. मॅनेजर व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेअकराला 'ॲनी अपडेट?' विचारतो, त्याला ना पी-वन ना पी-थ्री."

याला कायद्याने आवर घालता येतो का? फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ मध्ये तो लागू झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच विषयावर खासगी विधेयक, म्हणजे सरकारचं नव्हे तर खासदाराने स्वतःहून आणलेलं विधेयक, मांडलं होतं. पण १९७० नंतर आपल्या संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झालेलं नाही, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये. आणि समजा, झाला कायदा, तरी तो लागू होणार पगारपत्रक असलेल्यांना. बाकीच्यांचं काय?

घोडबंदर रोडला मानपाडा, पातलीपाडा भागात संध्याकाळी फिरायला जाल तर दुकानांच्या बाहेर बाइकवर बसलेली मुलं दिसतील. हँडलला फोन अडकवलेला, खिशात पॉवर बँक, दोघांमध्ये एक वायर. ऑर्डर आली की निघायचं. त्या मुलाला ऑफलाइन व्हायला कोणी मनाई केलेली नाही, फक्त ऑफलाइन गेला की कमाई थांबते. आपल्याला दहा मिनिटांत कोथिंबीर हवी असते, त्या घाईचे पैसे आपण किती देतो? कधीकधी काहीच नाही, 'फ्री डिलिव्हरी'. मग ते देतो कोण? सिग्नल तोडून तोच देतो. त्याचा फोनही देतो. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. भर उन्हात हँडलवर, वर नकाशा चालू, वर चार्जिंगही चालू, म्हणजे बॅटरी लवकर म्हातारी करण्याचा राजमार्ग. सोनीने ही बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली, ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं नोबेल मिळालं. त्या बॅटरीवर पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून पातलीपाड्यातला हा मुलगा घर चालवतो. तिची चार्जिंगची क्षमता उतरली की नवा फोन त्याच्याच खर्चाने.

आमच्या सोसायटीत गेटवर अ‍ॅप आहे. कोणीही आलं की वॉचमन बटण दाबतो आणि आपल्या फोनवर विचारणा येते: सोडू का? सोय उत्तम आहे. पण परवा शेजारचे गृहस्थ दशक्रिया विधीला नाशिकला गोदावरीच्या काठावर बसलेले असताना त्यांना तीनदा विचारणा आली: कुरिअर, इस्त्रीवाला आणि पुन्हा कुरिअर. घरात बायको होती, दार उघडायला माणूस होता, तरी अ‍ॅपला नंबर यांचाच माहीत.

आणि ही सगळी घाई कुठे राहते म्हणाल, तर बरीचशी आपल्याच दाराशी. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना रबाळे, महापे भागात खिडक्या नसलेल्या मोठमोठ्या इमारती दिसतात, ती डेटा सेंटर्स. आत यंत्रं रात्रंदिवस तापतात आणि त्यांना रात्रंदिवस थंड ठेवावं लागतं. वीज गेली तर जनरेटर लगेच सुरू. एक सुप्रभातचं गुलाबाचं फूल एका सेकंदात पोचावं म्हणून कुठेतरी अशी यंत्रं जागी असतात. असो.

आता थोडं गंभीर बोलते. घाई फुकट झाल्याचा सगळ्यात मोठा फायदा चोरांनी उठवला. 'डिजिटल अरेस्ट' तुम्ही ऐकलं असेल. व्हिडिओ कॉल येतो, समोर पोलिसाचा गणवेश. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला, आत्ताच्या आत्ता कॅमेऱ्यासमोर बसा, फोन कट करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही. माणसं अशी तासन्‌तास, काही तर कित्येक दिवस बसून राहिली आणि आयुष्याची पुंजी दुसऱ्याच्या खात्यात पाठवून मोकळी झाली. त्यात निवृत्त अधिकारी होते, डॉक्टर होते. त्यांना आपण भोळे म्हणतो, पण मला वेगळं वाटतं. फोन आला की घ्यायचा, मेसेज आला की उत्तर द्यायचं, समोरच्याने 'लगेच' म्हटलं की लगेच, ही सवय आपण सगळ्यांनीच लावून घेतली आहे, आणि चोर तेवढ्याच सवयीवर पोट भरतो. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकारच नाही. असा फोन आला तर कट करा. उद्धटपणा वाटला तरी कट करा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या क्रमांकावर, ताबडतोब कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता जास्त. बघा, इथे घाई खरी आहे. हा लाइटनिंग कॉल.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो आणि दीड तास घरोघरी मोबाइल, टीव्ही बंद ठेवतात. मला हे फार आवडलं, पण तीन हात नाक्याला भोंगा वाजवून बघा, कोणाला ऐकू तरी येईल का? शहराला दुसरं काहीतरी लागेल. मला वाटतं, पाठवणाऱ्यानेच तो जुना प्रश्न स्वतःला विचारावा. मी हल्ली मेसेजच्या शेवटी लिहिते, 'ऑर्डिनरी'. भाची लगेच समजते आणि रविवारी उत्तर देते. घरकामाला येणाऱ्या ताईंना मी रात्री फोन करत नाही. उद्या भाकरी करायच्या की पोळ्या, हे उद्या त्या आल्यावरही सांगता येतं. त्या चार घरी कामाला जातात, चारही घरांतून रात्री नऊनंतर फोन आले तर त्यांनी स्वतःच्या मुलाशी कधी बोलायचं?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी हा विषय काढला. रात्री दहानंतर निकडीचं असेल तरच लिहावं, एवढंच माझं म्हणणं. सगळ्यांना पटलं. मग निकडीचं म्हणजे काय, यावर चर्चा सुरू झाली. दुसऱ्याची गाडी आपल्या पार्किंगमध्ये लागली, तर ते निकडीचं का? वरच्या मजल्यावर खुर्ची सरकवल्याचा आवाज? ही चर्चा त्याच ग्रुपवर रात्री साडेबारापर्यंत चालली आणि मला फोन उशीखाली घालावा लागला. शेवटी सेक्रेटरींनी दुसरा ग्रुप काढला, नाव 'फक्त तातडीचं'. नियम असा की जो तिथे लिहील त्याने आधी वॉचमनला आणि संबंधित माणसाला स्वतः फोन केलेला असला पाहिजे. एवढे कष्ट घ्यायचे म्हटल्यावर त्या ग्रुपवर आतापर्यंत दोनच गोष्टी आल्यात: बी विंगच्या लिफ्टमध्ये अडकलेला दूधवाला आणि गच्चीवरची वाहणारी टाकी. पार्किंगचं भांडण जुन्या ग्रुपवर सुखाने चालू आहे, आणि तो आम्ही बहुतेकांनी म्यूट केलाय.

नमस्कार.