पागोळीच्या आत

(दृश्य: मे महिना. वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतलं परडं. गडग्यालगत चिरे रचलेले आहेत, सुतार सुरूच्या वाशावर पेन्सिलीने खूण करतोय.)

शाकारणीचे दिवस. घरावरची कौलं चाळून झाली, जळाऊ लाकडं पडवीत गेली, आणि उरल्यासुरल्या सामानातून मागीलदारी आणखी एक घर उभं राहतंय. दोन सशांसाठी.

सुतारमामांनी टेप काढण्याआधी एकच सांगितलं, ‘वारो खयसून येता ता आधी बघा, मगे खांब पुरा.’

बाजारात तयार मिळणारं लाकडी खुराडं बहुधा थंड मुलखाच्या नमुन्यावर बेतलेलं असतं. तीन बाजूंनी फळ्या आणि पुढे हातभर जाळी. कोकणात त्याची भट्टी होते. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाच्या वंशातला. थंडी तो केसांवर निभावून नेतो, उकाडा मात्र त्याला झेपत नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून. पारा तिशीपलीकडे गेला की तो पाय पसरून पडतो, धापा टाकू लागतो.

देशावर अशा वेळी वाळ्याचा पडदा भिजवतात. इथे हवाच मुळात ओली; पडद्यातलं पाणी सुकता सुकत नाही आणि आत दमटपणा तेवढा वाढतो. इथे कामाला येतात सावली आणि खेळता वारा. म्हणून हे घर फणसाखाली आहे आणि त्याच्या पूर्व-उत्तर बाजूंना नुसती जाळी.

पेच आहे तो पश्चिमेचा. मे महिन्यात दुपारी जीव निववणारा समुद्रावरचा वारा तिकडूनच येतो आणि जूनमध्ये पावसाची झडही त्याच अंगाने आडवी घुसते. म्हणून या बाजूला पक्की भिंत घातलेली नाही. चुडतांचे विणलेले झाप वरून टांगलेत. उन्हाळ्यात वर गुंडाळायचे, मिरग लागला की खाली सोडून काथ्याने आवळायचे. एकावर एक दोन थर असले तर उत्तम.

छपराला पत्रा घालायचा मोह होतो, कारण स्वस्त आणि झटपट. पण भर दुपारी तापलेल्या पत्र्याखाली नुसता हात धरून बघा. कौलांच्या फटींतून गरम हवा निसटते. छप्पर भिंतींच्या दोन फूट पुढे काढलंय, म्हणजे पागोळ्या बाहेरच्या चरात पडतील.

(दृश्य: सशाचा मागचा पाय, अगदी जवळून.)

हा तळवा नीट बघा. कुत्र्या-मांजराला असते तशी गादी इथे नाही, आहेत ते फक्त दाट केस. तारेच्या जाळीवर सतत बसून हे केस झिजतात, कातडी उघडी पडते आणि टाचेला जखम होते. खाली जाळी ठेवली की लेंड्या आपोआप पडतात, झाडायला नको, हे खरं. ती सोय आपली, सशाची नाही. इथे सपाट फळ्यांची जमीन आहे, वर गवताचा जाड थर. खालचं जोतं चिऱ्याचं. चिरा सच्छिद्र, पावसात पाणी पितो आणि ओलसर राहतो, म्हणून फळ्या त्याच्यापासून वीतभर उंच.

मापाचं म्हणाल तर ब्रिटनमधली सशांसाठी काम करणारी संस्था जोडीला किमान 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1 मीटर उंच जागा सांगते. ससा मागच्या पायांवर उभा राहतो, धावतो, उड्या मारतो. आणि ससे दोन असावेत, एकटा ठेवू नये. नर-मादी असतील तर नसबंदी आधी. गाभणकाळ महिन्याभराचाच असतो!

जाळी अर्ध्या इंची, वेल्ड केलेली. कोंबड्यांची षटकोनी जाळी कुत्रा ओढून फाडतो. धामण, मुंगूस, रानमांजर यांचा विचार वाडीत करावाच लागतो. ससा बिळं उकरणारा प्राणी, त्यामुळे बाहेरच्या अंगणालाही कडेने फूट-दीड फूट जाळी जमिनीत गाडलीय. खाऱ्या हवेत तार वर्षा-दोन वर्षांत गंजू लागते, तेव्हा सांधे बोटाने दाबून तपासायचे. वाळवीसाठी लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी रीत आहे. ते कातडी भाजतं. ससा कुरतडेल अशा जागी एक थेंबही नको.

(दृश्य: जुलै. संततधार. झाप खाली सोडलेले.)

आता खरी परीक्षा. ओलं गवत लगेच बुरसटतं, म्हणून दिवाळीच्या सुमारास कापून वाळवलेलं गवत माळ्यावर ठेवलंय. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पोट भरायला नाही. दुसरं संकट माशीचं. शेपटीखालचे केस लघवीने, शेणाने भरले की माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या मांस पोखरू लागतात. पावसाळ्यात सशाला रोज सकाळ-संध्याकाळ उचलून मागून बघायचं. अळी दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट पशुवैद्याकडे.

राहिलं वादळ. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते याच किनाऱ्याजवळून गेलं. तसल्या वाऱ्यापुढे झाप टिकत नाहीत आणि कौलंही उडतात. त्यासाठी पडवीत दाराशी झाकणाची मोठी टोपली ठेवलेली आहे. हवामान खात्याचा इशारा आला की आधी ससे टोपलीत, मग बाकीची आवराआवर.