चौकटी, अंतर आणि शंभर मिलिसेकंद

(दृश्य : पडद्यावर उलटत राहणारा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट)

पडद्यावरचा हा पट सेकंदाला दोनदा उलटतो. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवून बसलेल्या माणसाच्या दृष्टिपटलापासून मेंदूच्या मागच्या भागापर्यंत दर वेळी एक क्षीण विद्युतसंदेश पोहोचतो. पुण्याच्या पेठांमधील एका नेत्रतपासणी केंद्रात चित्रित केलेली ही तपासणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'व्हीईपी' एवढ्याच अक्षरांत लिहिलेली असते; पूर्ण नाव 'व्हिज्युअल इव्होक्ड पोटेन्शियल', म्हणजे दिसलेल्या चित्राला मेंदूने दिलेला विद्युत प्रतिसाद. निरोगी प्रौढ व्यक्तीमध्ये त्या संदेशाचे मुख्य शिखर साधारण १०० मिलिसेकंदांनी उमटते, म्हणून त्याला 'पी १००' म्हणतात. लंडनमध्ये हॅलिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली असे दाखवून दिले, की दृष्टिचेतेला, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, दाह झालेल्या रुग्णांमध्ये हे शिखर उशिरा येते. तेव्हापासून हा उशीर मोजणे मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना आवश्यक वाटू लागले. मात्र उशीर नेमका कशाच्या तुलनेत, हा प्रश्न अहवाल हातात घेणारे फार थोडे लोक विचारतात.

(दृश्य : डोक्यावर धरलेली मोजपट्टी, खडूसारख्या पेन्सिलीची खूण)

तंत्रज्ञ ताई नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने घेत आहेत. हे अंतर ३६ सेंटिमीटर भरले, तर मागच्या उंचवट्यापासून त्याच्या दहा टक्के, म्हणजे ३.६ सेंटिमीटर वर मुख्य इलेक्ट्रोड, म्हणजे संदेश टिपणारी छोटी चकती, बसतो. डोक्यावरच्या जागा अशा टक्केवारीने ठरवण्याची 'टेन-ट्वेन्टी' पद्धत १९५८ साली हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडली, त्यामुळे लहान मुलाचे डोके आणि मोठ्या माणसाचे डोके एकाच मापाने हाताळता येते. भोरहून आलेल्या या आजोबांना आदल्या दिवशीच फोनवर सांगितले होते, की केस धुऊन या आणि तेल लावू नका. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोडचा विद्युतरोध ५ किलो-ओहमच्या खाली आणणे अवघड जाते. तो वाढला, की भिंतीतल्या तारांमधला ५० हर्ट्झचा गुणगुणाट आलेखात शिरतो. यंत्रावरचे एक बटण दाबून तो गाळता येतो खरा. पण तसे गाळल्याने मूळ तरंगाचा आकारही बिघडतो, म्हणून प्रमाण पद्धतीला ते मान्य नाही. खोलीतले वातानुकूलन यंत्र आणि शेजारची लिफ्ट यांच्यापासून वायरी दूर घेणे, हाच कष्टाचा पण प्रामाणिक उपाय आहे.

(दृश्य : खुर्चीच्या पायांशी जमिनीवर चिकटवलेली रंगीत पट्टी)

जमिनीवरची ही पट्टी आमच्या मते संपूर्ण खोलीतली सर्वांत मोलाची वस्तू आहे. डोळा पडद्यापासून एक मीटरवर असेल, तर साडेसतरा मिलिमीटरची चौकट डोळ्याला एक अंशाची दिसते. खुर्ची अर्ध्या मीटरवर सरकली, की तीच चौकट दोन अंशांची होते, म्हणजे नकळत दुसरीच तपासणी सुरू होते. 'आयएससीईव्ही' ही दृष्टीच्या विद्युततपासण्यांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या व्हीईपीविषयीच्या प्रमाण नियमावलीत चौकटीचे दोन आकार ठरवून दिले आहेत, एक अंश आणि पाव अंश. शिवाय पडद्याची उजळता आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक यांनाही ठरीव मर्यादा आहेत. एका वेळी एकच डोळा तपासायचा, चष्मा असेल तर तो लावूनच तपासायचा आणि बाहुली मोठी करणारे थेंब आधी घालायचे नाहीत, हेही त्यात आले.

(दृश्य : टेबलाखाली ठेवलेला जुना, खोल पाठीचा मॉनिटर; टेबलावर सपाट पडदा)

टेबलाखालचा जुना मॉनिटर निवृत्त झाला आणि सपाट पडदा आला, तेव्हा बहुतेकांना तो केवळ दिसण्यातला बदल वाटला. प्रत्यक्षात अनेक सपाट पडदे संगणकाची आज्ञा आणि दिसणारे चित्र यांच्यामध्ये काही मिलिसेकंद घालवतात, आणि चौकटी उलटताना क्षणभर एकूण उजेडही बदलू शकतो. पडदा बदलून, 'पी १००' किती मिलिसेकंदांपर्यंत सामान्य मानायचा याची जुनीच मर्यादा वापरत राहिलेल्या केंद्रात धडधाकट माणसाचा 'पी १००' उशिरा आलेला दिसेल. म्हणूनच प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःच्या यंत्रावर, वेगवेगळ्या वयांच्या निरोगी व्यक्ती बसवून, आपली सामान्य मर्यादा आपणच ठरवावी, असे ही प्रमाण नियमावली सांगते.

(दृश्य : संगणकावर एकावर एक साचत जाणारे आलेख)

मेंदूचा नेहमीचा विद्युतगोंधळ या संदेशापेक्षा मोठा असतो, त्यामुळे एका नोंदीत काहीच वाचता येत नाही. ६४ नोंदींची सरासरी घेतली, की हा गोंधळ सुमारे आठपट कमी होतो आणि तरंग वर येतो. त्यानंतर संपूर्ण नोंद पुन्हा एकदा घेतली जाते. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले, तरच ते ग्राह्य धरले जातात.

दृष्टिपटलाचा स्वतःचा विद्युत प्रतिसाद मोजणारी 'ईआरजी' (इलेक्ट्रोरेटिनोग्राम) ही बहीण-तपासणी या माहितीपटात दिसणार नाही, कारण तिच्यासाठी रुग्णाने आधी २० मिनिटे अंधारात बसणे आवश्यक असते आणि आमच्या कॅमेऱ्याच्या दिव्याने ती २० मिनिटे वाया गेली असती. तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण मात्र १९८९ सालीच आले. तिथे नियम उलटा आहे : बाहुली थेंब घालून पूर्ण मोठी करावी लागते.

(दृश्य : छापलेला अहवाल, वाचणाऱ्या आजोबांचा चेहरा)

रक्तातील साखरेच्या अहवालावर संदर्भमूल्य छापलेले असते आणि ते नसेल तर आपण तक्रार करतो. व्हीईपीच्या अनेक अहवालांवर मात्र 'उशीर आहे' एवढेच वाक्य असते. चुकीच्या उशिरापायी महागडे एमआरआय होतात, आणि खरा उशीर निसटला तर उपचाराला वेळ लागतो. या केंद्राच्या अहवालावर चौकटीचा आकार, पडद्याची उजळता, इलेक्ट्रोडच्या जागा, केंद्राची स्वतःची मर्यादा आणि दोन्ही आलेख छापलेले आहेत. हे छापायला अर्धे पान लागते. शहरातल्या इतर केंद्रांना ते अर्धे पान परवडत नाही, असे आम्हाला वाटत नाही.

सहा महिन्यांनी आजोबांची पुन्हा तपासणी आहे. ती शक्यतो याच केंद्रात करावी. दुसरीकडे जावे लागलेच, तर जुना अहवाल आलेखांसह न्यावा, चष्मा सोबत ठेवावा, आणि त्याच दिवशी डोळ्याच्या आतल्या पडद्याची, म्हणजे दृष्टिपटलाची, तपासणी ठरली असेल, तर बाहुली मोठी करणारे थेंब व्हीईपीनंतरच घालून घ्यावेत.