सावली खालच्या थरात

[दृश्य: तलावपाळीची सकाळ. पाठोपाठ टर्मिनलची काळी खिडकी.]

ठाण्याचा मासुंदा तलाव, शेजारचं कौपिनेश्वर मंदिर आणि गडकरी रंगायतन. हे तीन फोटो पोस्टरवर एकावर एक, जरा तिरके ठेवायचे आहेत आणि प्रत्येकाखाली मऊ सावली हवी आहे. हे सगळं कमांडने होतं. हत्यार आहे इमेजमॅजिक, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून फोटो बदलणारं सॉफ्टवेअर; जॉन क्रिस्टी यांनी ते 1987 साली ड्युपाँटमध्ये लिहायला घेतलं आणि 1990 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं.

फोटो आधी 800 पिक्सेल रुंद करा. सावलीचं माप पिक्सेलमध्ये असतं, त्यामुळे 4000 पिक्सेलच्या फोटोवर तीच सावली दिसणारही नाही. मग 12 पिक्सेलची पांढरी किनार द्या, बॅकग्राउंड ‘नन’ म्हणजे पारदर्शक ठेवून फोटो 5 अंश फिरवा आणि शेवटी सावली टाका. हा क्रम मोडू नका. सावली टाकून मग फोटो फिरवला की सावलीही फिरते. फोटोंचे कोन वेगळे असले तर तिन्हींवर वेगवेगळ्या दिशांनी ऊन पडल्यासारखं दिसतं.

[पडद्यावर: मायनस शॅडो, 60 एक्स 8 प्लस 6 प्लस 6]

60 टक्के गडदपणा, 8 हा मऊपणा म्हणजे सिग्मा, आणि 6-6 पिक्सेल उजवीकडे, खाली. ही सावली कंसातल्या ‘प्लस क्लोन’ने काढलेल्या फोटोच्या प्रतीपासून बनते. लिनक्स आणि मॅकवर प्रत्येक कंसाआधी बॅकस्लॅश हवा, दोन्ही बाजूंना मोकळी जागाही हवी. प्रत थरांच्या यादीत शेवटी येते, म्हणून फोटोवर बसते. ‘प्लस स्वॅप’ तिला खाली ढकलतो.

[दृश्य: फोटोचा वरचा डावा कोपरा, मोठा करून.]

इथे सावली कापली गेली आहे. सिग्मा 8 असला की सावली चारही बाजूंना 16 पिक्सेल वाढते. त्यातून 6 वजा जाता तिचा थर उणे 10 वर सुरू होतो. थर एकत्र करणाऱ्या दोन कमांडपैकी ‘फ्लॅटन’ शून्याच्या अलीकडचं सगळं छाटतं, तर ‘लेयर्स मर्ज’ कॅनव्हासच वाढवतं. मर्जच्या आधी बॅकग्राउंड पुन्हा ‘नन’ करा. सावलीसाठी बॅकग्राउंडला दिलेला काळा रंग कंस संपला तरी लागूच राहतो, आणि फोटोमागे काळा ठोकळा उभा राहतो.

नंतर ‘प्लस रिपेज’, म्हणजे थराच्या जागेची नोंद पुसणारी कमांड. तो राहिला तर उणे 10 फाइलसोबत पुढे जातं आणि थर रचताना फोटो सरकतो.

आता पारदर्शकता टिकवणाऱ्या पीएनजी फाइलमध्ये ठेवलेल्या प्रत्येक फोटोला ‘मायनस पेज’ने पोस्टरवरची जागा द्या, तिन्ही मर्ज करा आणि पुन्हा रिपेज करा. जेपीजी हवी असेल तर पांढरी बॅकग्राउंड देऊन फ्लॅटन करा. आता ते चालतं, कारण उणे ऑफसेट, म्हणजे शून्याच्या अलीकडची जागा, उरलेलं नाही.