सफोकचा सरकता किनारा

इंग्लंडच्या पूर्वेला, नॉर्थ सीच्या काठावर सफोक ही काउंटी आहे. इथल्या किनाऱ्याला आपल्या कोकणासारखा काळा कातळ नाही. कडे आहेत ते वाळूचे आणि मातीचे, नखानं उकरता येतील असे. पायाखाली चकमकीच्या दगडाचे गोटे. लाट मागे फिरली की ते खळखळत खाली घसरतात. हा आवाज ऐकून ठेवा. याच गोट्यांनी दोन बंदरं बुडवली.

ईशान्येकडून लाट तिरपी येते, गोट्याला तिरपा वर चढवते आणि सरळ उतारानं खाली आणते. दर खेपेला तो थोडा दक्षिणेला सरकतो. शतकानुशतकं हेच चाललंय.

हे डनिच. आज मूठभर घरं. तेराव्या शतकात मात्र इथे गजबजलेलं बंदर होतं. १२८६ आणि १३२८ च्या वादळांनी कडा तोडला, आणि वाहत आलेल्या गोट्यांनी बंदराचं तोंड बुजवलं. जहाजं येईनात. मग रस्ते, घरं, चर्च एकामागून एक समुद्रात गेले. तरीही डनिचच्या नावानं १८३२ पर्यंत दोन खासदार संसदेत जात होते. ऑल सेंट्स चर्चचा मनोरा १९१९ साली कोसळला. त्याचा वाचवलेला एक आधारखांब सेंट जेम्स चर्चच्या आवारात उभा आहे. तो हा. एवढ्या मोठ्या चर्चचा एवढाच तुकडा!

दक्षिणेला ऑर्फर्ड. दुसऱ्या हेन्री राजानं ११६५ ते ११७३ या काळात इथे किल्ला बांधला, तेव्हा हे नांदतं बंदर होतं. इथे समुद्रानं नेलं नाही, आणून टाकलं. गोट्यांचा दांडा वाढत वाढत गावाच्याही पुढे गेला. हाच ऑर्फर्ड नेस, सुमारे १६ किलोमीटर लांब. किल्ल्याचा बुरूज अजून उभा आहे, पण उघडा समुद्र दांड्यापलीकडे राहिला आणि व्यापार बसला. मला डनिचपेक्षा ऑर्फर्डची हळहळ जास्त वाटते. गाव जागेवर आहे, बंदर तेवढं गेलं.

या दोन गावांच्या मधे ऑल्डबरो. इथे ऑल्ड नदी समुद्राच्या अगदी जवळ येते, पण दांडा आडवा येतो म्हणून वळून मैलोन् मैल दक्षिणेला जाते. गावातला हा लाकडी मूट हॉल, म्हणजे गावाच्या सभेची इमारत, सोळाव्या शतकातला. बांधला तेव्हा तो वस्तीच्या मधोमध होता. आज त्याच्यासमोर थोडी मोकळी जागा, मग गोटे, मग लाट.