पांढऱ्या रंगाचं सोवळं आणि दिवाणाखालची जलरंगचित्रं
(चित्रकारांच्या एका स्थानिक मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी, कपाटावर किंवा दिवाणाखाली, एक फुगलेला पोर्टफोलिओ आहे. हसताय, म्हणजे आहेच. त्यात वाईचा घाट आहे, मेणवलीची घंटा आहे, कोकणातली एखादी होडी आहे. चित्रं वाईट नाहीत. फ्रेम करावीत इतकी जमलेली नाहीत आणि टाकून द्यायला मन होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तिथेच पडून आहेत. माझं म्हणणं असं, की त्यांच्यावर पुन्हा काम करा. ॲक्रिलिक वापरा, पेस्टल वापरा, कागद फाडून चिकटवा, पण त्यांना हात लावा. कसा लावायचा, हेच सांगायला मला बोलावलंय आणि ते मी सांगणार आहे. त्याआधी आपण हात का लावत नाही, हे बोलू द्या. तंत्र अवघड नाही, घोडं अडतं ते दुसरीकडे.

जलरंग शिकवताना आपल्याकडे पहिला नियम कोणता? पांढरा कागदाचा राखायचा, ट्यूबमधला वापरायचा नाही. सभागृहातल्या शिक्षकांनी तो शेकडो मुलांना सांगितला असेल आणि योग्यच केलं. त्यामुळे उजेड कुठे ठेवायचा हे वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, टाकण्याआधी ठरवावं लागतं, डोळा तयार होतो. माझी तक्रार नियमाबद्दल नाही. नियमाचं सोवळं होतं, तिथे माझी तक्रार सुरू होते.

एक प्रसंग सांगतो. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळी बसून केलेलं माझं एक चित्र होतं. कृष्णेच्या पाण्यात काठावरच्या झाडांची गडद सावली, आणि त्या सावलीत दोन बगळे. आता, मी सावलीचा वॉश टाकला तेव्हा बगळे नव्हते. ते नंतर आले. त्यांच्यासाठी कागद आधीच राखून ठेवायचा, तर मला ज्योतिष यायला हवं होतं! मी पांढरा पोस्टर कलर घेतला आणि दोन ठिपक्यांत ते बगळे टिपले. चित्र एका प्रदर्शनाला पाठवलं. निवड समितीतल्या एका ज्येष्ठांनी ते उजेडात तिरकं धरलं. पोस्टर कलर तसा धरला की मॅट, म्हणजे चकाकी नसलेला, दिसतो, लगेच पकडला जातो. ‘हे जलरंग नाही, मिश्र माध्यमात पाठवा,’ असं ठरलं. मिश्र माध्यमाच्या विभागातून उत्तर आलं, ‘हे तर जलरंगच आहे.’ चित्र दोन्ही दारांतून परत आलं.

नकार येतात, त्याचं काही नाही. पण पाणी वाहतंय का, सकाळ वाटतेय का, झाडांचा भार डावीकडे जास्त झालाय का, यावर एकानंही तोंड उघडलं नाही. सगळी चर्चा त्या दोन ठिपक्यांवर झाली. याचा मला आजही राग आहे, आणि तो इथे बोलून दाखवायला मला संकोच वाटत नाही. कारण अशा एका शेऱ्यानंतर मुलगा किंवा मुलगी आयुष्यभर पांढऱ्या ट्यूबला हात लावत नाही. जे चित्र एका जागी अडलं, ते तिथेच सोडून दिलं जातं. दिवाणाखालचे पोर्टफोलिओ असे भरत जातात.

बरं, हे सोवळं आपलं तरी आहे का? अहमदनगर-विजापूरची दख्खनी चित्रं घ्या, मुघल घ्या, राजस्थानी, पहाडी घ्या. सगळं डिंकात कालवलेल्या रंगांचं काम, म्हणजे जलरंगच, आणि बहुतेक ठिकाणी अपारदर्शक. सफेदा मिसळलेला रंग थरावर थर चढवायचा, कागद उलटा करून अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटायचा, पुन्हा थर. मोत्यांच्या माळा तर सफेद्याचे उंचवटेच असतात, बोटाला लागावेत असे. युरोपातही जर्मन चित्रकार ड्यूररनं 1502 मध्ये ससा काढला, त्याच्या अंगावरचे केस पांढऱ्या अपारदर्शक रंगानं उठवले. आणि 1857 हे साल लक्षात ठेवा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं ते याच साली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रस्किननं चित्र शिकणाऱ्यांसाठी पुस्तक काढलं, आणि त्यात रंग फिका करायला नुसतं पाणी वाढवण्यापेक्षा चायनीज व्हाइट, म्हणजे ट्यूबमधला पांढराच, मिसळा, असा सल्ला दिला. म्हणजे ज्या इंग्रजांच्या नावानं आपण हा नियम सांगतो, त्यांच्यातला सगळ्यात मोठा समीक्षक उलट सांगत होता.

आणि इंग्रज चित्रकार टर्नर! ही गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, आजही सांगणार. 1818 साल, यॉर्कशायरमधलं फार्नली हॉल, टर्नरच्या स्नेही फॉक्सचं घर. न्याहारीच्या टेबलावर यजमान म्हणाले, लढाऊ जहाज केवढं प्रचंड असतं याची कल्पना येईल असं एक चित्र काढून द्या. टर्नर त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन खोलीत गेला. त्या मुलाची आठवण घरात सांगितली जायची, म्हणून आपल्याला ही हकिगत कळते. टर्नरनं कागद रंगानं इतका भिजवला की तो पिऊन फुगला. मग ओरबाडलं, खरवडलं, घासलं. अंगठ्याचं नख त्यानं वाढवलेलं होतं, त्या नखानं समुद्र फाडून काढला. आधी नुसता गोंधळ दिसत होता, मग हळूहळू दोर, शिडं, तोफांच्या खिडक्या दिसायला लागल्या. जेवणाच्या वेळेला चित्र तयार. जलरंगच आहे ते, आणि कागदाचे धिंडवडे काढून केलेलं आहे. निवड समितीनं ते कुठल्या विभागात पाठवलं असतं?

याचा अर्थ पारदर्शक जलरंग कमी प्रतीचा, असा कुणी काढू नका. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. कित्येक लोक ते रविवर्म्याचं समजतात. ज्योतीपुढे धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड आरपार आलाय, तिथली तांबूस झाक बघा. तिथे कुणी काही घालायला जागाच नाही. आपल्या पोर्टफोलिओतल्या चित्रांत ती आहे.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. मग भराभर घेतो.

आधी निवड. चित्र भिंतीला टेकवून लांबून बघा आणि जिवंत भाग कुठला ते ठरवा. तेवढा राखायचा, बाकीचं झाकायला मोकळं. हे बघा, मेणवलीचंच दुसरं चित्र. पायऱ्या एकाच वॉशमध्ये आल्यात, कडेला रंग साठून सुकल्याची ती बारीक गडद रेघ दिसतेय ना? तिला मी हात लावला नाही. आकाश मात्र मेलं होतं, निळ्यावर तपकिरी जाऊन मातकट झालेलं. ते ओल्या स्पंजनं जमेल तितकं उचललं. नंतर टायटॅनियम व्हाइटमध्ये चिमूटभर यलो ऑकर घालून ॲक्रिलिकनं झाकत आणलं. झाडाचा आकार झाडाच्या रंगानं दुरुस्त केला नाही, आकाशाचा रंग फांद्यांच्या आत कापत नेला. खालचा मातकट निळा इथे-तिथे डोकावतोय, तो मुद्दाम ठेवलाय. त्याच्यामुळे वरचा उजेड उजेड वाटतो.

आता कारण समजून घ्या. जलरंग डिंकात बांधलेला असतो, वर्षांनीही पाणी लागलं की पुन्हा सुटतो. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की पॉलिमरचे कण एकमेकांत मिसळून पापुद्रा धरतात, तो पुन्हा विरघळत नाही. म्हणून जलरंगावर थेट ओलं ॲक्रिलिक फिरवलंत तर खालचा रंग वर येतो. तो यायला नको असेल तर आधी फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, हलका फवारा, तो वाळला की पातळ मॅट मीडियमचा, म्हणजे रंग न घातलेल्या ॲक्रिलिकचा, एक हात. एकदाच ब्रश फिरवायचा, घासायचं नाही. थॅलो निळा आणि अलिझरिन क्रिमसन कागदात मुरतात, ते स्पंजनं निघत नाहीत, त्यांना झाकण्यावाचून इलाज नाही.

जलरंग वाळल्यावर फिका होतो, ॲक्रिलिक किंचित गडद होतं. त्यामुळे जुन्या भागाशी रंग जुळवताना ओल्यावर विश्वास ठेवू नका, कडेला थोडा लावून वाळू द्या.

पातळ कागद फुगणारच, तो आधी मीडियम लावून बोर्डावर चिकटवा, मध्यातून कडेकडे रोलर फिरवत. पेस्टल किंवा रंगीत पेन्सिल घ्यायची असेल तर वर क्लिअर जेसोचा, म्हणजे पारदर्शक अस्तराचा, हात द्या, त्यानं खरखरीतपणा येतो. ऑइल पेस्टल सगळ्यात शेवटी, त्याच्यावर ॲक्रिलिक धरत नाही. कोलाजसाठी झेरॉक्स लेझरची घ्या, इंकजेटची शाई मीडियममध्ये पसरते.

पावसाळ्यात बुरशी धरलेली चित्रं खूप जणांकडे असतील. ती तशीच मीडियमखाली कोंडू नका. पूर्ण कोरडी करा, घराबाहेर मऊ ब्रशनं झटका, नाकाला रुमाल बांधून. कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग आत मुरू न देणारी खळ, गेलं असेल तर रंग टिपकागदात जावा तसा आत जातो, तेव्हा तिथे आधी मीडियमचा हात द्यावाच लागेल.

आणि हे सगळं फक्त स्वतःच्या चित्रांवर. गुरुजींनी दिलेलं, वडिलांनी काढलेलं चित्र कितीही अर्धवट वाटलं तरी त्याला हात लावायचा नाही. त्याची प्रत काढा आणि त्या प्रतीवर हवा तो प्रयोग करा.

दिवे लावायला सांगताहेत. ज्यांनी चित्रं आणलीत त्यांनी टेबलाकडे या, मीडियम आणि ब्रश ठेवलेत. आधी मोबाइलवर फोटो घ्या, मग पाठीमागे पेन्सिलीनं जुनं साल लिहा आणि त्याच्या शेजारी आजचं. माध्यमाच्या जागी सगळी नावं लिहा: जलरंग, ॲक्रिलिक, पेस्टल, जे लागेल ते. काही लपवू नका. पुढच्या रांगेतल्या ताई, तुमचा तो मोठा कागद आधी आणा, त्याला वाळायला सगळ्यात जास्त वेळ लागेल.