चाफ्याला जानेवारीत पाणी घालू नका

नमस्कार मंडळी. हे बघा, हा आमच्या सोसायटीतला चाफा. अंगावर एक पान नाहीये, नुसत्या जाड जाड फांद्या. परवाच्या मीटिंगमध्ये जवळजवळ ठरलंच होतं की हे झाड मेलंय, काढून टाकू, दोन गाड्यांची जागा होईल. मी म्हटलं थांबा जरा, खाली गेलो आणि नखाने साल थोडीशी खरवडली. (कॅमेरा जवळ) दिसतोय का हिरवा रंग? आणि हा चीक पण आला बघा. चांगलं ठणठणीत आहे झाड. उलट वॉचमन काका बिचारे दया येऊन रोज बादलीभर पाणी घालत होते ना, त्यानेच मेलं असतं, कारण पानंच नाहीत तर ते पाणी ओढणार कोण, मुळं कुजतात.

आता हे असं का करतं ते समजून घ्यायचं तर झाडाची एक अडचण आधी कळायला पाहिजे. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

पानाला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं म्हणतात, शाळेत आकृती काढलीये सगळ्यांनी. त्यातून कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा आणि उन्हाच्या जोरावर साखर बनवायची. पण छिद्र उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर. फ्रिज उघडा ठेवून उभं राहिलं की आई ओरडते ना, तसंच. बंद ठेवलं तर उपाशी, उघडं ठेवलं तर तहानलेलं. आणि आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, पुढचे आठ महिने बोंब.

चाफ्याचं उत्तर सरळ आहे, पानंच गाळून टाकायची, म्हणजे दुकानच बंद. हा मूळचा मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा, तिकडेही कोरडा सीझन असतोच, त्यामुळे इथे त्याला काही नवीन शिकावं लागलं नाही. आपले साग, पळस, काटेसावर पण याच पंथातले. पळस तर पानं गाळून वर फुलतो, म्हणजे पानांची आडकाठी नाही आणि मैना-बुलबुलांना लांबूनच केशरी दिसतं. पण मला सगळ्यात भारी वाटतं ते कुसुमाचं झाड. मार्च-एप्रिलमध्ये, आपण फॅनखाली बसून घामाघूम होतोय तेव्हा, याला कोवळी लालभडक पालवी फुटते. पाऊस यायला अजून दोन-अडीच महिने! मुळं खोल गेलेली असतात, तिथल्या ओलीवर हे चालतं. आणि एक कारण असंही मानतात की पावसाबरोबर पानं खाणाऱ्या किड्यांची फौज येते, तोपर्यंत ही पानं जून झालेली असतात, सहजासहजी चावली जात नाहीत.

दुसरं उत्तर उसाचं. साध्या झाडाने, म्हणजे भात, गहू, आंबा वगैरे, कडक उन्हात छिद्रं आवळली की आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, मग पानातलं ते मुख्य एन्झाइम, रुबिस्को, चुकून ऑक्सिजनच पकडतं आणि केलेली मेहनत वाया जाते. ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांनी यावर जुगाड केलाय. आधी कार्बन डायऑक्साइड एका पेशीत पकडून ठेवायचा आणि मग आतल्या पेशीत रुबिस्कोसमोर दाबून भरायचा. छिद्र थोडंसं उघडलं तरी भागतं. हॅच आणि स्लॅक या दोघांनी ऑस्ट्रेलियात 1966 मध्ये उसाच्या पानांवरच हा मार्ग मांडला, सी-4 म्हणतात त्याला. आता तुम्ही कमेंटमध्ये लिहिणार, मग ऊस एवढं पाणी का पितो? अहो, आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो आणि वाढतो केवढा! किलोमागे हिशोब केला तर तो भातापेक्षा काटकसरी निघेल, पण विहिरीला किलोमागचा हिशोब कळत नाही.

आणि तिसरं उत्तर, ज्याच्यासाठी मी हा व्हिडिओ करतोय. (पानफुटीचं पान हातात) ओळखलं? पानफुटी. पान मातीवर टाकलं की कडेने पिल्लं फुटतात. बेंजामिन हेन नावाचा एक वनस्पतीवाला दक्षिण भारतात राहायचा, त्याने हे पान चावून बघितलं आणि 1815 मध्ये छापून आलं की सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत चवच जाते. असं का? तर ही बाई दिवसा दार उघडतच नाही. रात्री गारव्यात उघडते, कार्बन डायऑक्साइड घेते, त्याचं आम्ल करून साठवते, म्हणून सकाळी आंबट. मग दिवसभर दार बंद करून तोच साठा उन्हात वापरते. मी जिभेला लावून बघितलंय, खरंच फरक कळतो, पण तुम्ही करू नका, ही खाऊन गुरांना विषबाधा होते.

निवडुंग, अननस, स्नेक प्लांट सगळे याच शिफ्टवाले. सांगलीकडच्या दुष्काळी भागात ड्रॅगन फ्रूट लावतात ना, तो पण. आणि ते व्हॉट्सॲपवर फिरतं, स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतो, बेडरूममध्ये ठेवा, ते विसरा. रात्री तो कार्बन डायऑक्साइड आत घेतो एवढंच खरं, ऑक्सिजन पाण्यापासून सुटतो आणि त्याला उजेडच लागतो. दिसायला छान आहे म्हणून ठेवा की.

उजेडावरून आठवलं. आपले डोळे फार फसवतात. उजेड लक्समध्ये मोजतात, बाहेर भर उन्हात लाखभर लक्स असतात आणि रात्री हॉलमध्ये ट्यूबलाइट लावून दोन-तीनशे, आपल्याला दोन्ही "चांगला उजेड"च वाटतो. मनी प्लांट मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायला शिकलाय म्हणून तो हॉलमध्ये तग धरतो, तुळस धरत नाही, काड्या होते तिच्या. आणि नर्सरीतून हिरव्या नेटखालचं रोप आणून थेट गच्चीवर ठेवलंत तर पानं भाजणारच, कारण सावलीत बनलेलं पान पातळ आणि पसरट असतं. आठ-दहा दिवस हळूहळू ऊन वाढवा. जुनी पानं सुधारणार नाहीत, नवीन येतील ती जाड येतील. आंब्याच्या झाडाखाली उभे राहून शेंड्याची आणि आतली पानं शेजारी ठेवून बघा, एकाच झाडावर दोन्ही माल सापडतो.

बरं, चाफ्याचं काय झालं ते राहिलंच. बादली बंद केलीये, काका थोडे नाराज आहेत. मीटिंगने मला मेअखेरपर्यंत मुदत दिलीये. हे इथे टोकाला बघा, हिरवट टोचा दिसतोय? आज सकाळीच दिसला, काकांनीच दाखवला.